मध्यम

डॉक्टर लुणावत म्हणाले, आजार मध्यम आहे.
सवयीनं मी मनातच लघुलिपीत उतरवून घेतलं.
सत्तावीस वर्षं जिल्हा न्यायालयात हेच करतोय,
लोक बोलतात, मी पकडतो.

मध्यम म्हणजे किती, ते विचारलं नाही.
पेटीवरचा ठाऊक आहे, रामबागेतल्या क्लासात
लहानपणी दोन वर्षं दाबलेला.
इथे दिवसातून सहा वेळा, त्यातल्या दोन रात्री,
आणि रक्त, कधी धाग्यासारखं, कधी
पोह्यांवरच्या डाळिंबाच्या दाण्यांसारखं.
तेव्हापासून डाळिंब नको म्हणतो.
गाडीवाला विचारतो, भिया, रूठ गए क्या?

आधी मेसालामाइन. मातकट तांबड्या गोळ्या,
शिवाय रात्री एनिमा:
मी डाव्या कुशीवर,
शरयू बाटली तळहातांत धरून कोमट करायची,
टीव्हीवर मालिका चालू,
म्हणजे आम्ही दोघं तिकडे बघत होतो असं म्हणता यावं.
चोवीस वर्षांच्या संसारात
इतकं न बोलता इतकं जवळ कधी आलो नव्हतो.

सहा महिने निभावलं. मग प्रेडनिसोलोन, चाळीस.
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर जिना काढला,
दर आठवड्याला पाच मिलिग्रॅमची एक पायरी,
मधूनच उडी मारायची नाही.
पाचव्या दिवशी रक्त थांबलं.
झोपही थांबली.
रात्री तीनला मी शेगडी सुटी करून घासली.
चेहरा गोल झाला. लोधीपुऱ्यातली आत्या म्हणाली,
बाळसं धरलंस रे, आता कुठे अंगी लागतंय.
पंधरावर उतरलो, परत रक्त.
परत वीस. परत पंधरा. परत रक्त.
हा जिना तळमजल्यापर्यंत जातच नव्हता.

अॅझाथायोप्रिनला तीन महिने द्या म्हणाले.
पाचव्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी घसरल्या.
तीही फाईल बंद.

शहर स्वच्छतेत पहिलं, सगळे सांगतात.
मी पुरावा देऊ शकतो:
राजवाड्यामागचं रात्री अकरापर्यंत उघडं,
जेल रोडवरच्याची चावी पानवाल्याकडे,
कोर्टातलं तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या.
बेचाळीस पायऱ्या.

उलटतपासणी चालू होती, जमिनीचा दावा.
साक्षीदार म्हणाला, "त्या दिवशी मी घरी..."
आणि मी हात वर केला.
त्या खोलीत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.
"मॅडम, पाच मिनिटं."
वकिलानं घड्याळ पाहिलं. मॅडमनी मला.
म्हणाल्या, जा.
परतलो तर साक्षीदार तसाच पिंजऱ्यात,
"घरी"पाशी थांबलेला.
हे रेकॉर्डवर नाही. रेकॉर्ड मीच लिहितो.

आता शिरेतून. इन्फ्लिक्सिमॅब.
त्याआधी क्षयाची चाचणी, छातीचा फोटो,
विम्यावाल्यांना नऊ पत्रं,
तरी पहिल्या डोसाला शरयूच्या पाटल्या.
नव्या गोळ्याही आहेत, डॉक्टर म्हणाले होते,
पण तुमच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झालेली, त्या नकोत.
एक इंजेक्शन फक्त आतड्यापुरतं काम करतं,
पण सावकाश, आणि महाग.
मी म्हटलं, सख्ख्या भावाला जे द्याल ते द्या.
म्हणाले, भाऊ माझं ऐकत नाही.

पहिला, मग दोन आठवड्यांनी, आज सहाव्या आठवड्यातला.
शेजारच्या खुर्चीत देवासची मुलगी,
मांडीवर सी.ए.चं पुस्तक, हाताला तसलीच नळी.
म्हणाली, काका, माझा अकरावा.
खाता येतं का गं?
तिनं आधी दाराकडे पाहिलं.
परवा सराफ्यात गराडू. चार फोडी. आईला सांगू नका.

वर बाटलीतून थेंब सुटतो.
लघुलिपीत थेंबाला खूण नाही,
स्वराला टिंब असतं तेवढं,
ठळक दिलं तर एक स्वर, फिकट दिलं तर दुसरा.
हा त्यांच्या मधला वाटतो.
शरयू बाहेर बाकावर, पर्स पोटाशी धरून.
मी बोटानं खुर्चीच्या हातावर
एक टिंब काढून बघतो.